दहा महिन्यांची नोकरी, बारा महिन्यांची चूल

मे महिना लागला की आमच्या वस्तीत एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. शाळा बंद, म्हणून शाळेतली खिचडी बंद, आणि खिचडी बंद म्हणून ती शिजवणाऱ्या बाईचे मानधनही बंद. शाळा एक, घंटा एक, फळ्यावर लिहिलेली सुट्टीची सूचनाही एकच. त्या सूचनेने गुरुजींना सुट्टी लागते आणि बाईंना बेकारी लागते. गुरुजींचा पगार जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत चालू राहतो. तो चालू राहावाच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की त्याच शाळेच्या मागच्या खोलीत वर्षभर धुरात उभ्या राहिलेल्या बाईची चूलही मे महिन्यात पेटावी लागते, हे सरकारी हिशेबात कुठेच धरलेले नाही.

मी व्यवसायाने कारकून आहे. हजेरीपत्रक भरणे, रजेचे खाते ठेवणे आणि महिनाअखेर पगारपत्रक तयार करणे यात वीस वर्षे गेली. त्यामुळे कुणाची रजा कशी धरली जाते आणि कुणाची कशी गिळली जाते, हे रोजच्या कामातून दिसत आले आहे. संध्याकाळी वस्तीतल्या वाचनालयात बसलो की आयाबहिणी चिठ्ठ्याचपाट्या घेऊन येतात. "जयभीम भाऊ, माझे चार दिवस कापलेत, एवढं बघा ना," अशी सुरुवात होते. मग कळते की ताई एका कार्यालयात रोज दोन तास झाडलोट करतात. सात वर्षे झाली. मुलगी बाळंत झाली म्हणून चार दिवस गेल्या नाहीत, तर चार दिवसांचे पैसे कापले आणि वर ऐकवले, "तुम्ही पार्टटाइम. पार्टटाइमला सुट्टी नसते."

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की ते कायद्याच्या पुस्तकात छापलेले असावे असे कुणालाही वाटेल. ते कुठेही छापलेले नाही. आपल्याकडच्या रजेच्या कायद्यांत हिशेब दिवसांचा आहे, तासांचा नाही. रजेपुरते बोलायचे तर दोन तास काम केलेला दिवस हाही दिवसच असतो. त्या दिवसाचा पगार कमी असेल तर रजेचा पगारही त्या प्रमाणात कमी मिळेल. पण रजाच नाही, हे कोणत्या कलमाने? ते कलम मला आजवर कोणी दाखवलेले नाही.

पगारी रजा ही मालकाची मेहेरबानी नाही, ती कायद्याने दिलेली गोष्ट आहे. आणि ती कायद्यात कुणी आणली हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली १९३४ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात पगारी सुट्टीचे एक नवे प्रकरण घातले गेले. बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवस आणि बालकामगाराला चौदा दिवस पगारी सुट्टी. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे जे खंड प्रसिद्ध केले आहेत, त्यांतल्या दहाव्या खंडात मजूरमंत्री म्हणून केलेले त्यांचे काम एकत्र केले आहे. आपण चौदा एप्रिलला घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचा जयजयकार करतो, पण कामगाराच्या दहा दिवसांच्या विश्रांतीसाठी कायदेमंडळात उभे राहिलेले बाबासाहेब आपल्या भाषणांत फारसे येत नाहीत. गिरणीतल्या माणसाला ते आधी सांगायला हवे होते.

त्या दुरुस्तीत एक गोष्ट राहून गेली होती. ती सुट्टी बारमाही कारखान्यांपुरती होती. कापूस पिंजणाऱ्या जिनिंगसारखे जे कारखाने हंगामापुरते चालत, त्यांतला कामगार त्या प्रकरणाबाहेर राहिला. म्हणजे ज्याचे काम वर्षाच्या काही महिन्यांतच चालते, त्याच्या रजेचा प्रश्न पहिल्या दिवसापासून लोंबकळत आहे. खिचडी शिजवणारी बाई त्याच रांगेतली. तिचा हंगाम जूनला सुरू होतो आणि एप्रिलअखेर संपतो.

मग १९४८ चा कारखाना कायदा आला. १९५४ च्या दुरुस्तीने त्यातली सलग बारा महिन्यांची अट काढली आणि वर्षात २४० दिवस काम ही अट घातली. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा. कागदावर ही सुधारणाच होती, पण त्या २४० या आकड्याने आपल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या छळ केला आहे. ज्यांच्या घरी गिरणीतला बदली कामगार होता त्यांना हे समजावून सांगायला नको. सकाळी फाटकावर उभे राहायचे, कायमचा माणूस आला नाही तर आत जायचे, आला तर घरी परत. दुसऱ्याची रजा हाच बदलीवाल्याचा रोजगार आणि स्वतःच्या रजेसाठी मात्र २४० दिवस भरायचे. पुढे कंत्राटदार आले. त्यांनी हा आकडा चांगला पाठ केला. सहा-सात महिने झाले की एक 'ब्रेक' द्यायचा आणि आठ दिवसांनी त्याच माणसाला नव्या कागदावर घ्यायचे. झाडू तोच, गणवेश तोच, फक्त तारीख नवी.

या खेळाला कायद्यात नाव आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते ठेवून कायम कामगाराच्या सवलतींपासून वंचित ठेवणे ही 'अनुचित कामगार प्रथा' ठरवली आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती अनुचित प्रथांच्या यादीत आहे. तरी खेळ चालूच राहतो, कारण तक्रार करायची तर पुरावा लागतो आणि पुरावा मालकाच्या कपाटात असतो. त्याकडे पुढे येतो.

आता थोडा ताजा हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यासंबंधीच्या संहितेने जुन्या कारखाना कायद्याची जागा घेतली आहे. या संहितांतल्या पुष्कळ गोष्टींना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो निराधार नाही. पण रजेच्या कलमात एक बदल झाला आहे, तो आपल्या कामाचा आहे. २४० च्या जागी १८० दिवस आले आहेत. दर वीस दिवसांना एक दिवस हा दर पूर्वीचाच.

याचा अर्थ बोटांवर मोजून पाहू. एखादी ताई आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन तास काम करते आणि वर्षात ३०० दिवस भरते. तिची रजा १५ दिवस. तिचा पगार महिना चार हजार असेल तर २६ दिवसांनी भागून दिवसाचे साधारण १५४ रुपये होतात आणि पंधरा दिवसांचे दोन हजार तीनशेच्या घरात जातात. ही रक्कम दर वर्षी कुणाच्या तरी खिशात राहते. सात वर्षे काम केलेल्या बाईने सातने गुणून पाहावे. दुसरी आठवड्याचे चार दिवस जाते. तिचे वर्षाचे २०८ दिवस भरतात. जुन्या कायद्यात ती २४० च्या खाली म्हणून रजेला शून्य. नव्या संहितेत १८० च्या वर, म्हणून दहा दिवस. आणि तिसरी आठवड्याचे तीनच दिवस जाते, तिचे दिवस १५६. ती जुन्यातही बाहेर होती आणि नव्यातही बाहेरच आहे. अशा बायका तीन-तीन ठिकाणी तीन-तीन दिवस कामाला जातात, सकाळ-दुपार-संध्याकाळ मिळून कायम कामगारापेक्षा जास्त राबतात आणि एकाही ठिकाणी त्यांचे दिवस भरत नाहीत. आकडा कितीही खाली आणला तरी त्याच्याखाली जी राहते ती आपलीच बाई का असते, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते, कारखान्यांसाठी आकडा वेगळा आहे. दहा माणसे मोजताना कंत्राटदाराची माणसेही विसरू नयेत.

शाळेशी जोडलेल्या कामांत हा १८० चा आकडा फार महत्त्वाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेचे किमान दिवस ठरवून दिले आहेत. पहिली ते पाचवीला वर्षात २०० आणि सहावी ते आठवीला २२०. म्हणजे जो माणूस शाळा भरते त्याच दिवशी कामाला येतो, तो एकही दिवस न चुकवता आला तरी त्याचे २४० भरणे कठीणच होते. दोष त्याचा नव्हता, शाळेचे वर्षच तेवढे. स्कूल बसमध्ये मुलांना चढवणारी-उतरवणारी मदतनीस बाई घ्या. ती बस कंत्राटदाराची, कंत्राटदाराकडे वीस-पंचवीस माणसे. २४० च्या काळात तिला रजा कधीच लागली नसती. आता २२० दिवस भरले तर अकरा दिवस लागते.

यात आणखी एक बारकावा आहे. तो कंत्राटदारांच्या लक्षात येण्याआधी आपल्या लक्षात यावा. एक जानेवारीनंतर मधूनच कामाला लागलेल्या माणसाला संहितेत वेगळी अट आहे. वर्षाचे जितके दिवस उरले असतील त्यांच्या एक चतुर्थांश दिवस काम झाले तरी तो रजेला पात्र ठरतो. पंधरा जूनला कामाला लागलेल्या बाईसाठी ३१ डिसेंबरपर्यंत २०० दिवस उरतात. त्यांतले ५० दिवस काम झाले की पुरे. तिने डिसेंबरअखेर १३० दिवस भरले तर साडेसहा दिवसांची रजा तिच्या खात्यावर जमा झाली. आता कंत्राटदार दर जूनला "ही नवीन नेमणूक" म्हणून कागद करतो ना? ठीक आहे. नवीन तर नवीन. मग त्या नवीन नेमणुकीची ही अटही त्याला लागू. शिवाय काम सोडले किंवा कामावरून काढले तर शिल्लक रजेचे पैसे द्यावे लागतात. एप्रिलअखेर "आता जूनला या" असे सांगताना तो हिशेब पुरा करायचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे शाळेतल्या खिचडीकडे. आपल्या समाजाचा या कामाशी संबंध जवळचा आहे. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. दलित बाईच्या हातचे सगळ्या मुलांनी एका पंक्तीत बसून खावे, हा त्यामागचा विचार फार मोलाचा होता. अनेक गावांत त्यावरून कटकटी झाल्या आणि बाया त्या पचवून कामावर टिकून राहिल्या. पण त्या कामाला मोल किती दिले? केंद्राने २००९ मध्ये ठरवलेला दर महिना एक हजार रुपये, तोही वर्षातल्या दहा महिन्यांचा. महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून भर घालत तो १५०० केला आणि २०२३ मध्ये २५०० केला. पंचवीस मुलांपर्यंत एक बाई, शंभरपर्यंत दोन, पुढे दर शंभराला आणखी एक, असे प्रमाण आहे. शंभर मुलांचा भात, आमटी किंवा उसळ आणि त्यांची भांडी दोघींनी उरकायची. तास विचाराल तर कागदावर थोडे आहेत. प्रत्यक्षात पाणी भरण्यापासून खोली धुण्यापर्यंत दुपार उलटते आणि दुसरे काम धरायला दिवस उरत नाही.

या बाईला सरकार कामगार मानत नाही. ती 'मानधनी' आहे. मानधन हा शब्द मोठा चतुर आहे. त्यात मान आहे असे ऐकू येते, धन थोडे आहे हे नंतर कळते, आणि रजा, बोनस, ग्रॅच्युइटी यांचा त्यात पत्ताच नसतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या एका बाईच्या अर्जावर निकाल देताना म्हटले की महिना एक हजारावर राबवून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली वेठबिगारीच होय. हे २३ वे कलम आपण विसरता कामा नये. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे शिळ्या भाकरीवर केली त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नेमक्या आपल्या प्रश्नाला हात घातला. शाळेतल्या इतर कर्मचाऱ्यांना सुट्टीचा पगार मिळतो, मग या बायांना दहाच महिने का, असा तो प्रश्न होता, आणि त्यांना बारा महिन्यांचे मानधन द्यावे असे न्यायालयाने सांगितले.

शाळेच्या सुट्टीच्या पगारावर सर्वोच्च न्यायालयानेही फार पूर्वी स्पष्ट शब्दांत निकाल दिला आहे. १९८५ सालचा हरियाणाचा रतनलाल खटला. तिथे सरकार शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीला तात्पुरते नेमायचे, उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी काढून टाकायचे आणि शाळा उघडली की पुन्हा घ्यायचे. उद्देश उघड होता, सुट्टीचा पगार वाचवायचा. न्यायालयाने या पद्धतीवर कडक ताशेरे मारले आणि उन्हाळी सुट्टीचा पगार द्यायला लावला. पात्र असेल त्यांना बाळंतपणाची आणि आजारपणाची रजा द्यायलाही सांगितले. त्या निकालाला चाळीस वर्षे झाली. आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारी मुले-मुली आजही घेतलेल्या तासांचेच पैसे मोजून घेतात. आपल्याच वस्तीत वाढलेली, एम.ए., नेट झालेली ही लेकरे, घरात 'प्रोफेसर' म्हणून त्यांचा केवढा अभिमान असतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत व मे महिन्यात त्याच प्रोफेसराला लहान भावाकडून मोबाइलच्या रिचार्जला पैसे मागावे लागतात. खिचडीवाली आई आणि तासिकेवरचा मुलगा, दोघेही एकाच घरात एकाच महिन्यात बिनपगारी असलेले कुटुंब मला ठाऊक आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असे नाही. श्रीमंत इंग्लंडातही तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे पगारी सुट्टीचा हक्क आहे. बेडफर्ड येथील मुलींच्या शाळेत वाद्यवादन शिकवणारी एक शिक्षिका होती. तिचा करार वर्षभराचा, पण तास फक्त शाळेच्या सत्रात. शाळेने तिच्या सुट्टीचा पगार काम केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के असा धरला. हा आकडा कुठून आला? वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून सुट्टीचे ५.६ वजा केले की ४६.४ उरतात, आणि ५.६ ला ४६.४ ने भागले की १२.०७ टक्के येतात. कारकुनाला हा हिशेब सोपा आणि बिनचूक वाटेल. शिक्षिकेचे म्हणणे असे की कायद्यात ५.६ आठवडे लिहिले आहेत, टक्के कुठे लिहिलेत? २० जुलै २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. वर्षभर करारात असलेल्या माणसाची सुट्टी, तो काही आठवडे कामाला नव्हता म्हणून कमी करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मालक मंडळींत खळबळ उडाली. मग तिथल्या सरकारने नियमच बदलले आणि १ एप्रिल २०२४ नंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून सत्रापुरत्या व अनियमित तासांच्या कामगारांसाठी तोच १२.०७ टक्क्यांचा हिशेब कायद्यात आणला. न्यायालयात मिळालेले दोन वर्षांत कायदेमंडळात गेले. तरीसुद्धा पाहा, भांडण तिथे सुट्टी किती यावर होते. सत्रापुरत्या कामगाराला सुट्टीच नाही, असे तिथला मालकही म्हणाला नव्हता.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. तात्पुरत्या कामावरच्या मुलींना "तुम्हाला मॅटर्निटी लागू नाही" असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे आहे. ८ मार्च २००० रोजी दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या महिला कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही प्रसूती लाभ दिला. प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असले की पुरे, आणि २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे.

घरकाम करणाऱ्या बहिणींसाठी मात्र रजेचा असा कोणताच कायदा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. २००८ साली राज्याने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, काही लाभ आहेत, पण आठवड्याच्या सुट्टीची सक्ती नाही. तिथे जे मिळाले ते बायांनी एकजुटीने मिळवले. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यात पगारवाढीबरोबर सुट्टीचाही प्रश्न होता. एका इमारतीतल्या सगळ्या बायांनी मिळून महिन्याला दोन खाडे पगारी ठरवून घेतले, तर कुठल्या कायद्यावाचूनही ते पाळले जातात. एकटीने मागितले तर दुसऱ्या दिवशी दारात दुसरी बाई उभी असते. आणि ती दुसरी बाईही बहुधा आपल्याच वस्तीतली असते, यावर आपल्या महिला मंडळांनी बसून बोलावे.

दुकाने, कार्यालये, हॉटेले, दवाखाने यांना राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ पगारी रजा आहे. तिला २४० दिवसांची अट नाही. ती वर्षअखेर बुडते, म्हणून वेळेवर घ्यावी. २४० दिवस भरले तर वीस दिवसांना एक अशी दुसरी रजा आहे, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू केलेला होता. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. दहा ते एकोणीस माणसांची दुकाने थोडी नाहीत. तिथल्या आपल्या मुलांचे आठ दिवसही एका निर्णयाने धोक्यात आले, आणि त्यावर कुठे फारसा मोर्चा निघाल्याचे दिसले नाही.

आता पुराव्याबद्दल. मालकाच्या कपाटातले मस्टर तुम्हाला कोणी दाखवणार नाही, म्हणून आपले मस्टर आपण ठेवावे. चाळीस पानी वही पुरते. रोजची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि खाडा असेल तर कारण. मुलगी सातवीत असेल तर तिच्याकडून लिहून घ्यावे, तिलाही दिवस मोजण्याची सवय लागेल. पगार हातात मिळत असेल तर ती रक्कम त्याच दिवशी वहीत उतरवावी, बँकेत येत असेल तर पासबुक दर महिन्याला भरून आणावे. ओळखपत्र, गेटपास, गणवेशाची पावती, पर्यवेक्षकाने मोबाइलवर पाठवलेला "उद्या लवकर या" असा निरोप, यातले काहीही फेकू नये. मी स्वतः अशा वहीवरून एका बाईचा दोन वर्षांचा हिशेब मांडून दिला होता. कंत्राटदाराच्या माणसाने ती वही उलटसुलट पाहिली आणि वाद न घालता अकरा दिवसांचे पैसे दिले. कोर्टात जावे लागले नाही. लेखी अर्ज मात्र द्यावा लागला, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घेऊन. त्याने भागले नाही तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तोच अर्ज, वहीच्या पानांच्या झेरॉक्ससह, पाच-सात जणींच्या सह्यांनी द्यावा.

दुकाने व आस्थापना कायद्यातली आणखी एक तरतूद मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार, स्थानिक परंपरेप्रमाणे मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायच्या असतात, आणि त्या वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवायच्या असतात. बहुतेक ठिकाणी मालकच चार सण लिहून कागद भिंतीला लावतो आणि कामगारांना विचारायचे असते हेच कुणाला माहीत नसते. मग दरवर्षी चौदा एप्रिलला आपली मुले एक दिवसाचा पगार सोडून मिरवणुकीला येतात, बुद्धपौर्णिमेला विहारात यायला अर्धा दिवस मागून घेतात. त्या चारांत चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा घालायची तर जानेवारी उजाडायच्या आत सांगावे लागते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कामावरच्या सगळ्यांनी, आपल्या आणि इतर समाजाच्याही, मिळून एका कागदावर चार नावे लिहावीत आणि सह्या करून मालकाला द्यावीत. मजकूर कसा लिहायचा ते कळत नसेल तर संध्याकाळी सातनंतर मी वाचनालयात असतो, कोरा कागद तेवढा घेऊन यावा.